आकृतीपलीकडचा प्रकाश : आल्फ्रेद मानेसिए यांची कलासाधना

फ्रान्सच्या पूर्व सीमेलगत, ज्युरा पर्वताच्या पठारावर, ले ब्रेझ्यू नावाचे एक चिमुकले खेडे आहे. तेथील ख्रिस्तमंदिर अठराव्या शतकातले असून बांधणीने अगदी साधे आहे. पर्यटकाने मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे त्या वास्तूत काही नव्हते. १९४८ ते १९५० या काळात या मंदिराच्या खिडक्यांत नव्या रंगीत काचा बसविण्यात आल्या. त्या काचांत येशूबाळ नव्हते, पवित्र मरिया नव्हती, कोणा संताची मूर्तीही नव्हती. लहानमोठे रंगीत तुकडे, त्यांना जोडणाऱ्या शिशाच्या काळ्या पट्ट्या आणि त्यांतून आत झिरपणारा उजेड, एवढेच काय ते होते. फ्रान्समधील एखाद्या जुन्या ख्रिस्तमंदिरात आकृतिविरहित काचचित्रे बसविली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होय, असे कलेतिहासाचे अभ्यासक मानतात.

मंदिरातील चित्रे म्हणजे निरक्षरांचा ग्रंथ, हा विचार सहाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या पोप थोर ग्रेगरी यांच्यापासून चालत आला आहे. शार्त्रच्या महामंदिरातील काचांनी शतकानुशतके भाविकांना बायबलच्या कथा सांगितल्या. मग ज्या खिडकीत कथाच नाही ती भाविकाला काय सांगणार? हा प्रश्न आपल्यालाही पडण्याजोगा आहे. आपली भक्ती मूर्तीशी, मुखवट्याशी, वेदीवरील ओळखीच्या चेहऱ्यांशी घट्ट बांधलेली आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु ले ब्रेझ्यूच्या खिडक्या ज्यांनी घडविल्या ते आल्फ्रेद मानेसिए हे श्रद्धाहीन प्रयोगशील कलावंत नव्हते. ते आपल्या ख्रिस्तसभेचे श्रद्धावंत पुत्र होते, आणि श्रद्धेकडे परतल्यानंतरच्या काही वर्षांतच त्यांच्या चित्रांतील आकृती मावळत गेल्या. या घटनाक्रमाकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

मानेसिए यांचा जन्म ५ डिसेंबर १९११ रोजी उत्तर फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात, सेंत-उआँ या गावी झाला. बालपण जवळच्याच आबव्हील शहरात गेले. तेथून सोम नदीचे मुख फार दूर नाही. नदी जेथे समुद्राला मिळते तेथील उपसागराच्या काठी ल क्रोत्वा नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. सुटीत मुलगा तेथे जाई आणि जलरंगांत होड्या, वाळू, आकाश रंगवीत बसे. या उपसागरात ओहोटीच्या वेळी समुद्र मैलोगणती मागे हटतो. ओल्या वाळूत आकाश उतरते, आणि जमीन कोठे संपली व पाणी कोठे सुरू झाले हे डोळ्याला सांगता येत नाही. वस्तूंच्या कडा पुसून केवळ प्रकाश उरतो, हे दृश्य या चित्रकाराने अमूर्त कलेचे नावही कानी पडण्यापूर्वी पाहिले होते. पुढे समीक्षकांनी त्यांच्या चित्रांची मुळे नाना वादांत व संप्रदायांत शोधली. आमच्या मते पहिले मूळ या ओल्या वाळूत आहे.

वडील मद्याचे घाऊक व्यापारी होते. मुलाने चित्रकार व्हावे हे त्यांना पसंत नव्हते, म्हणून वास्तुशास्त्राचा मध्यम मार्ग निघाला. आमियाँ येथील कलाशाळेनंतर १९२९ च्या सुमारास मानेसिए पॅरिसला आले. नावनोंदणी वास्तुशास्त्राची होती, पण पाय वळत लूव्रकडे. तेथे त्यांनी जुन्या गुरूंच्या, विशेषतः रेम्ब्रांच्या चित्रांच्या नकला केल्या. रेम्ब्रांकडून एक गोष्ट ते शिकले असावेत, असे त्यांचे पुढील काम पाहून वाटते : अंधार ही प्रकाशाची उणीव नसून प्रकाश ज्यातून जन्माला येतो ती माती आहे. वास्तुशास्त्राचे शिक्षणही वाया गेले नाही. भिंत म्हणजे काय, खिडकीने भिंतीचे काय होते, हे ज्याला हातातल्या पट्टी-कंपासाने कळले आहे त्याचीच काचचित्रे वास्तूशी भांडत नाहीत.

१९३५ मध्ये ते आकादेमी रांसाँ या कलाशाळेत रोझे बिसिएर यांच्याकडे गेले. बिसिएर तेथे भित्तिचित्रांचा वर्ग चालवीत. शिष्यांवर स्वतःची शैली न लादणारा हा गुरू होता. तेथे जमलेली ल मोआल, बर्थोल प्रभृती मित्रमंडळी आयुष्यभर टिकली. १९३७ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात रोबेर देलोने यांच्या हाताखाली प्रचंड भित्तिचित्रांचे काम करण्याची संधी या तरुणांना मिळाली. या काळातील मानेसिए यांच्या चित्रांवर घनवादाची आणि अतिवास्तववादाची छाया आहे. हुन्नर दिसतो, धडपड दिसते. तथापि हा माणूस काय सांगू पाहतो आहे हे कळत नाही, आणि बहुधा त्यालाही ते कळले नव्हते.

मग युद्ध आले. २० मे १९४० रोजी जर्मन विमानांनी आबव्हीलवर बॉम्ब टाकले आणि बालपणीचे शहर ढिगाऱ्यात गेले. तेथील 'पवित्र कबरे'ला वाहिलेल्या जुन्या गॉथिक ख्रिस्तमंदिराचीही मोठी हानी झाली. हे मंदिर वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण आपल्याला तेथे पुन्हा यावयाचे आहे.

पॅरिसवर नाझींचा अंमल होता. आधुनिक कला ही नाझींच्या लेखी 'अधःपतित' कला होती. १९३७ मध्ये म्युनिक येथे तिची विटंबना करणारे प्रदर्शनच त्यांनी भरविले होते. अशा वेळी, मे १९४१ मध्ये, झाँ बाझेन यांच्या पुढाकाराने पॅरिसच्या ब्रोन कलादालनात 'फ्रेंच परंपरेतील वीस तरुण चित्रकार' या नावाचे प्रदर्शन भरले. नाव मोठे शहाणपणाने निवडलेले होते. परंपरेचे कवच पुढे करून आत पूर्णतः आधुनिक चित्रे टांगलेली होती. त्या वीसांत मानेसिए होते. ही चित्रे अद्याप अमूर्त नव्हती. खोली, माणसे, टेबल ओळखू येत, पण रेषा आणि रंग आपापल्या वाटेने जाऊ लागले होते.

सप्टेंबर १९४३ मध्ये लेखकमित्र कामीय बुर्निकेल यांच्यासोबत मानेसिए नॉर्मंडीतील सोलिन्यी येथील ला त्राप मठात काही दिवस राहण्यास गेले. ट्रापिस्ट हे नावच या मठावरून पडले आहे. सतराव्या शतकात मठाधिपती रांसे यांनी येथे कठोर सुधारणा घडवून आणली आणि मौन, शेतीतले श्रम व प्रार्थना यांची घडी पुन्हा बसविली. मानेसिए यांची लहानपणची श्रद्धा तोवर बरीच मागे पडली होती. मठात गेलेला माणूस एकतीस वर्षांचा, संसारी, युद्धाने शिणलेला चित्रकार होता. दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर मठवासी अंधारलेल्या मंदिरात 'साल्वे रेजिना' हे पवित्र मरियेचे पुरातन लॅटिन स्तोत्र गातात. सिस्टर्शियन परंपरेत ही प्रथा शेकडो वर्षांची आहे. आपल्याकडील जुन्या पिढीने लितानीच्या शेवटी हेच स्तोत्र ऐकले असेल, व शब्दांचा अर्थ न कळताही त्याच्या सुराने मन कसे निवते हे अनुभवले असेल. त्या रात्री मानेसिए यांनी ते ऐकले, आणि ते श्रद्धेकडे परतले.

हे परिवर्तन अश्रूंचे किंवा दृष्टान्ताचे असल्याचा देखावा मानेसिए यांनी कधी केला नाही. त्यांनी चित्र काढले. १९४४ मधील 'इम्मावसचे यात्रेकरू' या चित्रात माणसांच्या आकृती अजून आहेत, पण त्या रंगांच्या जाळ्यात विरघळू लागल्या आहेत. १९४५ मध्ये 'साल्वे रेजिना' हे चित्र आले. स्तोत्र गाणारे मठवासी दाखविणे सोपे होते. पांढरे झगे, मेणबत्त्या, वाकलेल्या माना यांची हजारो चित्रे युरोपात आहेत. परंतु मानेसिए यांना जे भिडले होते ते झगे नव्हते. अंधारात एकामागून एक उमटणारे स्वर, त्यांची चढउतार आणि शेवटची शांतता हे त्यांना हवे होते, आणि सुराला चेहरा नसतो. चित्रकाराने सुराशी इमान राखावयाचे ठरविल्यावर आकृती गळून पडणे ओघानेच आले. 'अमूर्त' हा शब्द त्यांना व त्यांच्या मित्रांना फारसा मानवत नसे. 'आकृतिविरहित' हा शब्द ते पसंत करीत, कारण अमूर्त म्हणताच जगापासून तोडलेले असे काहीतरी सूचित होते, आणि त्यांची चित्रे तर जगातूनच निघत होती.

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण देणे अप्रस्तुत ठरू नये. बाराव्या शतकात संत बर्नार्द यांच्या सिस्टर्शियन संघाने आपल्या मठांतील खिडक्यांवर बंधन घातले होते : काच पांढरी असावी, तीत चित्रे नसावीत. तेव्हा कारागिरांनी रंगहीन काच आणि शिशाच्या पट्ट्या एवढ्याच साधनांनी वेलबुट्टीची, गुंफलेल्या रेषांची मनोहर रचना केली. ओबाझीनच्या मठात अशा खिडक्या आजही पाहावयास मिळतात. मानेसिए यांनी त्या समोर ठेवून काम केले, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ट्रापिस्ट हे त्याच सिस्टर्शियन वृक्षाची शाखा आहेत, आणि आकृतीविना प्रार्थनास्थळ सजविणे ही विसाव्या शतकाने आणलेली पाखंडी टूम नाही, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, मानेसिए पुन्हा ल क्रोत्वाला गेले. होड्या, दोरखंड, बंदरातले निळे पाणी यांची चित्रे पुन्हा सुरू झाली, पण आता होडीची आकृती न रेखाटता. मठाने शिकविलेला डोळा घेऊन ते बालपणीच्या किनाऱ्यावर उभे होते. त्याच सुमारास बझांसाँ धर्मप्रांताच्या पवित्र कला मंडळाचे धर्मगुरू ल्युसियाँ लेदर यांनी त्यांना ले ब्रेझ्यूचे काम दिले. या धर्मगुरूंचे नाव फार थोड्यांच्या कानी असेल. पुढे याच धर्मप्रांतात ओदँकूर येथे १९५१ मध्ये लेजे व बाझेन यांची कामे झाली, आणि १९५५ मध्ये रोंशाँ येथे ल कोर्ब्युझिए यांचे प्रसिद्ध तीर्थमंदिर उभे राहिले. चंदिगढमुळे आपल्याला परिचित असलेल्या या वास्तुकाराकडे जाण्यातही लेदर यांचा मोठा वाटा होता. कलावंतांचे चरित्र लिहिताना ज्यांनी विश्वासाने काम सोपविले त्यांचा उल्लेख बहुधा राहून जातो. असो.

काळ मात्र अनुकूल नव्हता. आल्प्समधील आस्सी येथील नव्या ख्रिस्तमंदिरासाठी डोमिनिकन धर्मगुरू कुतुरिए यांनी मातिस, लेजे, रुओ, शागाल अशा थोर कलावंतांना पाचारण केले होते. त्यांत श्रद्धावंत होते, नास्तिक होते, ज्यूही होते. तेथे जेर्मेन रिशिए यांनी घडविलेला क्रूस काही भाविकांना असह्य वाटला, आणि १९५१ मध्ये आनेसीच्या बिशपांच्या आज्ञेने तो वेदीवरून हलविण्यात आला. पुढच्याच वर्षी, ३० जून १९५२ रोजी, रोमच्या पवित्र कार्यालयाने पवित्र कलेविषयी कडक सूचना प्रसृत केल्या. ज्यांनी आक्षेप घेतले त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटत नाही. मंदिर हे चित्रदालन नव्हे. तेथे दुखणाईत येतात, पुत्रशोकाने पिचलेल्या आया येतात. त्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो. हा आक्षेप खरा आहे, आणि मानेसिए यांच्या कामालाही त्याला तोंड द्यावेच लागते.

त्यांच्या चित्रांपुरते बोलावयाचे तर हा आक्षेप अंशतः लागू पडतो, असे आमचे मत आहे. १९४९ मध्ये त्यांनी ईस्टर या विषयावर सात शिलामुद्रिते केली. त्यानंतर 'गेथसेमनीची रात्र', 'बरब्बा', 'काटेरी मुकुट' अशी प्रभूच्या दुःखसहनावरील चित्रे आली. 'काटेरी मुकुट' या विषयाकडे तर ते पुनःपुन्हा वळले. काळ्या अणकुचीदार दांड्या एकमेकींत घुसलेल्या, त्यांच्या फटींतून धगधगणारा तांबडा रंग, आणि या सर्वांना कसेबसे वेटोळ्यात धरून ठेवणारी रचना. चित्र जबरदस्त आहे यात शंका नाही. पण खालील पाटी काढून घेतली तर एखाद्याला त्यात जळते रान दिसेल, दुसऱ्याला लोखंडी कुंपण दिसेल. शीर्षकावर इतका भार टाकणे कितपत योग्य? काही चित्रांत शीर्षक चित्राच्या पुढे धावते, हे मान्य करावयास हवे. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की काटेरी मुकुटाची चित्रे आपण इतकी पाहिली आहेत की आता आपल्याला काटा टोचतच नाही. प्रभूचा चेहरा सुंदर रंगविला की आपण सौंदर्यात रमतो. चेहरा काढून घेतल्यावर उरतो तो काटा.

या चित्रांनी त्यांना जगभर कीर्ती दिली. १९५३ मध्ये साओ पावलो, १९५५ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी पारितोषिक, तेही 'काटेरी मुकुटा'साठीच, आणि १९६२ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक. दोन वर्षांनी तेच पारितोषिक अमेरिकन राउशेनबर्ग यांना मिळाले आणि कलाविश्वाचे लक्ष पॅरिसवरून न्यू यॉर्ककडे गेले. मानेसिए हळूहळू चर्चेबाहेर पडले. त्याचे त्यांना किती वाईट वाटले कोण जाणे. काम थांबले नाही, हे मात्र खरे.

खिडक्यांना शीर्षकाची पाटी नसते, म्हणून शीर्षकाचा आक्षेप तेथे लागूच होत नाही. तेथे रंगाने स्वतःच बोलावे लागते. शिवाय कॅनव्हासवरचा रंग उजेड परत फेकतो, काचेतला रंग उजेड आत घेतो. सकाळी पूर्वेची निळी काच जागी होते आणि दुपारी मालवते. ढग आला की अख्खी भिंत श्वास रोखून धरते. रूबेजवळील एम या गावी १९५६-५७ मध्ये मानेसिए यांनी बाळ येशूच्या संत तेरेजाच्या मंदिरासाठी खिडक्याच नव्हे, तर काचेच्या अख्ख्या भिंती रचल्या. वास्तुकार हेर्मान बाऊर यांनी त्यांना तेवढी मोकळीक दिली. येथे शिशाच्या पट्ट्या नाहीत. जाड काचेचे ठोकळे फोडून ते सिमेंटमध्ये बसविले आहेत. आत शिरणाऱ्या भाविकापुढे कोणतीही कथा उलगडत नाही. तो रंगीत उजेडात उभा राहतो आणि त्याच्या स्वतःच्या हातांवर, कपड्यांवर ते रंग पडतात. वेदीपाशी रुओ यांच्या चित्रावरून विणलेला प्रभूचा पवित्र मुखवटाही आहे. म्हणजे दुःखी आईला हवा असलेला चेहरा तेथे आहे, आणि त्या चेहऱ्याभोवतीचे मौन मानेसिए यांनी विणले आहे. आस्सीच्या वादाला याहून समंजस उत्तर आम्हांस दिसत नाही.

पुढे ख्रिस्तसभेची भूमिकाही सैल झाली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयक संविधान मंजूर केले. कोणतीही एक कलाशैली ख्रिस्तसभेने आपली अशी मानलेली नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे.

प्रार्थनेत बुडालेला कलावंत जगाच्या दुःखाकडे पाठ फिरवितो, असा एक समज आहे. अमूर्त कलेवर तर तो आरोप हमखास होतो. मानेसिए यांच्या बाबतीत तो टिकत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला, त्यावर त्यांनी मृतांसाठीची प्रार्थना रंगविली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांना वाहिलेले चित्र आले. १९७२ मध्ये 'व्हिएतनाम, व्हिएतनाम', आणि १९७५ मध्ये फ्रँकोच्या स्पेनमध्ये देहदंड झालेल्या एका कैद्याच्या मातेसाठी एक चित्र. ब्राझीलमधील गरिबांचे बिशप डॉम हेल्डर कामारा यांना त्यांनी १९७९ मध्ये चित्ररूप वंदन केले, आणि त्यानंतर काही वर्षे तेथील झोपडपट्ट्यांवर चित्रमालिका रंगविली. या चित्रांत ना बंदुका आहेत ना प्रेते. दुःखसहनाच्या चित्रांत जे काळे आणि तांबडे रंग होते तेच येथे पुन्हा येतात. गेथसेमनीची रात्र आणि झोपडपट्टीची रात्र यांच्यासाठी त्यांच्याकडे दोन वेगळ्या रंगपेट्या नव्हत्या. ही चित्रे वर्तमानपत्री निषेधापेक्षा अधिक काळ टिकली, याचे कारण आम्हांस येथे दिसते.

काचेचे काम चालूच होते. स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्गच्या संत निकोलस महामंदिरातील काचांवर त्यांनी १९८८ पर्यंत अनेक वर्षे खर्ची घातली. तेथे पोलंडचे मेहोफर यांची आकृतींनी गजबजलेली सुंदर काचचित्रे आधीपासून होती. त्यांच्या शेजारी मानेसिए यांची काचचित्रे नांदतात, आणि दोघांपैकी कोणाचाही आवाज दबत नाही.

१९८२ मध्ये आबव्हीलहून बोलावणे आले. 'पवित्र कबरे'चे ते जुने मंदिर दुरुस्त झाले होते, आणि त्याच्या सर्व खिडक्यांना काचा हव्या होत्या. क्रूसयुद्धाला निघालेले वीर याच जागी जमले होते, अशी तेथील परंपरा सांगते. मानेसिए तेव्हा सत्तरीत होते. एकतीस खिडक्यांचे हे काम अकरा वर्षे चालले. विषय होता प्रभूचे दुःखसहन आणि पुनरुत्थान. पन्नास वर्षांत त्यांना जे जे गवसले ते सर्व येथे एकत्र आले आहे : ल क्रोत्वाची ओली निळाई, काटेरी मुकुटाची तांबडी धग, आणि ईस्टरच्या पहाटेचा पिवळा. ले ब्रेझ्यूच्या काचांत एक प्रकारचा संकोच आहे, नव्या घरात पाऊल टाकणाऱ्याचा. आबव्हीलमध्ये तो उरलेला नाही. लहानपणी ज्या रस्त्यांवरून ते हिंडले आणि जे रस्ते १९४० मध्ये राख झाले, तेथेच ते उभे होते. आम्हांस विचाराल तर मानेसिए यांना भेटावयाचे ते येथेच.

मे १९९३ मध्ये या काचांचे उद्घाटन झाले. २८ जुलै रोजी मानेसिए यांच्या मोटारीला अपघात झाला आणि १ ऑगस्ट १९९३ रोजी ओर्लेआँ येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीची मिस्सा आबव्हीलच्या त्याच मंदिरात, त्या एकतीस खिडक्यांच्या उजेडात झाली, आणि जन्मगाव सेंत-उआँ येथे त्यांना माती देण्यात आली.